एक तास सातव्या मिनिटाला

राक्षसाचा पाय एक तास सात मिनिटांनी बरा होतो, हा शोध ज्याने लावला त्याला त्या दिवशी दुसरं काही काम नसणार. दातात काडी, मांडीवर पेंगुळलेलं पोर, आणि सगळं थिएटर डोळे पुसत असताना हा गृहस्थ राक्षसाची पावलं मोजत बसलेला. घरी जाऊन त्याने ते लिहून काढलं, वर दोन तारे चिकटवले आणि जेवून झोपला. आठवड्याभराने, रविवारी सकाळी, त्याने जन्मात न पाहिलेल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात काकांच्या हातून बशीत चहा सांडला. एवढंच झालं. चहा फार नव्हता, बशी खोल होती, टेबलक्लॉथही वाचला. सुनेने सवयीने फडकं पुढे केलं. पण बशीभर पाण्यात बुडालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि काका त्यातले पहिले नव्हेत.

वाचत होती नात. आईचा फोन टेबलावर उभा करून, एका हाताने पाव खात, ती राक्षसाबद्दल जगाचं काय मत आहे ते घरादाराला ऐकवत होती. नऊ वर्षांची होती, तिला आपल्या आजोबांचा अभिमान होता, आणि तो फुकटचाही नव्हता. राक्षस जो चालत होता ते काकाच चालत होते. काकांचा मुलगा त्या कार्टूनच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. दीड वर्षापूर्वी तिथे राक्षसाच्या चालीसाठी लंगड्या माणसाचा शोध चालू होता, खऱ्या लंगड्या, वयस्क, जड अंगाच्या माणसाचा. नट आणून झाले होते आणि नट फार सुंदर लंगडत होते. मुलगा फ्यूज बदलता बदलता म्हणाला, आमच्या काकांची चाल घ्या, चाळीस वर्षं मुरलीय. स्वतःच्या बापाला तो काकाच म्हणायचा. लहानपणी गल्लीतली सगळी पोरं म्हणायची म्हणून हाही म्हणायला लागला, आणि काकांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करणं हा त्यांचा जुनाच स्वभाव होता.

“ऐका ना आजोबा. ‘एक तास सात मिनिटांनी राक्षस लंगडायचं विसरतो. पळताना दोन्ही पाय ठणठणीत. इतक्या माणसांत एकाच्याही लक्षात येऊ नये? दोन तारे.’”

“रिकामटेकडा कुठला,” मुलगा म्हणाला.

“खाली चारशे बारा जणांनी उत्तरं दिलीत,” सून म्हणाली. “म्हणजे एकटाच रिकामटेकडा नाही.”

नात एकेक वाचत गेली. एकजण म्हणत होता, भीतीत दुखणं कळत नाही, माझ्यामागे कुत्रा लागला तेव्हा मी प्लास्टरसकट भिंत चढलो होतो, पाच तारे. त्याला दुसऱ्याने विचारलं होतं, मग प्लास्टर कशाला घातलं होतं. एक आई म्हणत होती, माझ्या मुलीने दोनदा चड्डी ओली केली, असले सिनेमे लहान मुलांसाठी म्हणून का दाखवता. एका शिक्षिकेला प्रश्न पडला होता की यातून मुलांनी काय घ्यायचं, संकट आलं की पाठीवरचं गाव खाली ठेवून पळायचं का. कोणाला राक्षसाच्या अंगावरचं शेवाळ फार आवडलं होतं. एका बापाने लिहिलं होतं, ‘माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तो म्हणतो राक्षसाचा पाय पहिल्यापासूनच बरा आहे, तो फक्त सांगत नाही. मी विचारलं, का सांगत नाही? तर म्हणाला, सांगितलं तर मग पाय कशाने मोडला ते पण सांगावं लागेल.’

इथे टेबलावर हशा पिकला. काकाही हसले. हसताना त्यांनी टेबलाखालचा उजवा पाय आणखी जरासा वाकडा केला. तो पाय आपला आपणच वाकडा व्हायचा, कोणी शिंकलं की डोळे मिटतात तसा.

टेबलाकडे पाठ करून ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनी हसल्या नाहीत. त्या पाव भाजत होत्या, आणि त्यांना बिनचेहऱ्याच्या माणसांची मतं ऐकायची सवय नव्हती. सत्तरीची, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा घातलेली बाई. काकांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आता एक्केचाळीस वर्षं विधवा. मूल नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं, दिराच्या घरात राहिल्या. दिराचं लग्न त्यांनी लावलं, मूल त्यांनी वाढवलं, पाच वर्षांपूर्वी जाऊ गेली तेव्हा तिचं कपाट त्यांनीच आवरलं. आणि रोज संध्याकाळी सात वाजता रबराच्या पिशवीत कढत पाणी भरून, तिच्यावर स्वतः विणलेलं लोकरीचं कव्हर चढवून, त्या दिराचा उजवा गुडघा शेकायच्या. हा अकरावा की बारावा पिशवीचा नग होता. अशी पिशवी वापरात नसली की उलटी टांगून वाळवायची असते, म्हणून दुकानदार बुडाला एक भोक असलेली पट्टी देतो. त्या घरातली पिशवी कधी टांगली गेली नव्हती. तिला वाळायला वेळच मिळाला नव्हता.

“तर तीनचा शो,” मुलगा म्हणाला. “पाच पास मिळालेत. मोठी आई, तुम्हीपण.”

“मी कशाला,” वहिनी म्हणाल्या.

“तुमच्या भाऊजींची चाल बघायला.”

“ती मी रोज बघते की.”

“मोठी आजी, पडद्यावर चार मजली आहे ती,” नात म्हणाली. “आजोबा पाय टाकतात ना, एक पाय मऊ आणि एक पाय जोरात, तेव्हा पाठीवरच्या गावातली घंटा वाजते. टण. मग गप्प. मग टण. सगळ्या गावाला त्याच्यावर झोप लागते.”

वहिनींनी पाव उलटला. “बरं,” म्हणाल्या, “बघू तर.”

तीनच्या शोला दोन मिनिटं जाहिराती धरल्या तर चार वाजून नऊ मिनिटांनी वहिनींना दिसणार होतं की आपल्या दिराचा पाय धडधाकट आहे. काकांनी तो हिशेब चहा पुसायच्या आत केला होता.

खोलीत जाऊन ते खाटेवर बसले. दार लावलेलं असलं तरी खाटेपर्यंत लंगडतच गेले. इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण लोकांना वाटतं खोटं लंगडणं सोपं असतं. पहिली दोन वर्षं अवघड जातात. उजव्या पायाने लंगडणाऱ्याचा डावा बूट आधी झिजतो, कारण भार डाव्यावर. काकांचे दोन्ही सारखे झिजायचे, एकटे असताना चाल निसटायची म्हणून. मग ते भल्या सकाळी गच्चीवर जाऊन डाव्या बुटाची टाच सिमेंटवर घासायचे. चांभाराने एकदा म्हटलं होतं, काका, तुमची टाच चालून नाही झिजत, किसून झिजते. त्यानंतर त्यांनी चांभार बदलला. थंडीत थोडं जास्त लंगडायचं, जिना उतरताना चढण्यापेक्षा जास्त, पाहुण्यांसमोर कमी, कारण खरा लंगडा परक्यांपुढे लपवतो. हे सगळं अंगात भिनायला दोन वर्षं लागली, आणि मग ती चाल त्यांची झाली, कडेवर घेतलेलं परकं पोर आपलं होतं तशी. लग्नाच्या रात्रीही ते लंगडले. बायको पुढे एकदाच म्हणाली होती, झोपेत तुमचा पाय अगदी सरळ असतो हो. त्यांनी कूस बदलली, आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. ती गेली तेव्हा हा एक प्रश्न सोबत घेऊन गेली की उत्तर, ते त्यांना कळलं नाही.

पाय मोडला होता हे मात्र खरं. अगदी सोळा आणे खरं. क्ष-किरणांचा फोटो होता, पिवळा पडलेला, कपाटात. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात दोघे भाऊ होते. वरच्या माळ्यावर कागदाच्या गठ्ठ्यांची थप्पी. दुपारी डबा खाल्ला की दादा त्या गठ्ठ्यांवर अर्धा तास आडवा व्हायचा, तोंडावर रुमाल टाकून. रुमाल श्वासाबरोबर वर खाली व्हायचा. काका, तेव्हा पंचवीस वर्षांचे आणि कोणाचेच काका नसलेले, खिडकीशी बसून छापील कागदांचे फर्मे दुमडत होते. जिन्यातून धूर आला तो आधी बिचकत आला, आणि मग घरात कोणी नाही असं बघून चोर सैलावतो तसा सैलावला. त्यांच्या आणि दादाच्या मध्ये चार हात जागा होती. हे अंतर त्यांनी नंतर प्रत्येक खोलीत मोजलं. खाटेपासून कपाट चार हात. टेबलापासून ओटा साडेतीन. चार हात म्हणजे उठून दोन पावलं, किंवा न उठता एक हाक. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर पाय ठेवला आणि उडी मारली.

गोष्ट त्यांनी रचली नाही. हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याच्याही कडा झिजल्या होत्या. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा गोष्ट तयार होती. मुकादमाने वहिनींना सांगितलं होतं, तुमच्या दिराने शेवटपर्यंत ओढायचा प्रयत्न केला, वरून लाकडी तुळई पडली पायावर, तेव्हा लोकांनी त्याला खिडकीतून खाली घेतलं. मुकादम भला माणूस होता, किंवा कारखान्याचा जिना एकच का होता या प्रश्नापेक्षा त्याला तुळई परवडत होती. वहिनी खाटेशी बसल्या होत्या, एकोणतीस वर्षांच्या, आणि त्या प्लास्टर केलेल्या पायावर हात ठेवून म्हणाल्या, “तुम्ही गेलात परत आत.” प्रश्न नव्हता तो. काकांनी दुरुस्त केलं नाही. चौदा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, झालं, आता हरणासारखे पळा. ते घरी आले. जिन्याच्या वरच्या टोकाला वहिनी उभ्या होत्या. पाय बरा झाला असता तर त्या दिवशी काय उरलं असतं? दोन धडधाकट पायांचा एक धाकटा भाऊ. वहिनींच्या डोळ्यांत ते बघवलं नसतं. त्यांनी उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, आणि जरा ओढला.

दुपारी बाराला त्यांनी प्रयत्न करून पाहिला. वहिनी गॅलरीत पातळ वाळत घालत होत्या.

“वहिनी, तुम्हाला सोसायचं नाही. फार आवाज असतो आत.”

“मला कुठे धड ऐकू येतं आता.”

“आग आहे सिनेमात. शेवटाकडे आगीचे पक्षी येतात.”

वहिनींचे हात पातळाच्या काठावर थांबले. मग त्यांनी काठ सरळ केला. “खोटी आग ना भाऊजी?”

“खोटी.”

“मग काय झालं,” वहिनी म्हणाल्या. “आणि तुम्ही कसे बसाल त्याच्यासमोर? तुम्ही तर खरी बघितलीत. तुम्हाला चालतंय तर मला चालेल.”

पातळातून पाण्याचे थेंब गॅलरीच्या फरशीवर पडत होते आणि ते थेंब बघत ते उभे राहिले, उजव्या पायावर अर्धवट भार देऊन. पोट दुखतंय म्हणावं, चक्कर आली म्हणावं, जिन्यावरून खाली पडावं असे विचार त्यांच्या मनात एकामागून एक आले. शेवटचा विचार तर त्यांनी बराच वेळ न्याहाळला. खरोखर पाय मोडून घ्यायचा. म्हणजे एक्केचाळीस वर्षांची बाकी एका झटक्यात खरी. पण जिना दिसला की त्यांना जिन्याची भीती वाटली. भित्रा माणूस प्रायश्चित्तालाही भितो.

थिएटरात ते कडेच्या खुर्चीवर बसले. पलीकडे नात, तिच्यापलीकडे वहिनी, मग सून, मुलगा. काळोख झाला आणि राक्षस आला. डोंगर उठावा तसा उठला, पाठीवर अख्खं गाव, कौलं, धुराडी, दोरीवर वाळणारे कपडे, आणि मध्ये एक मनोरा. त्याने उजवा पाय ओढत हळू टेकवला, डावा आपटला, आणि मनोऱ्यातली घंटा वाजली. टण. शे-दीडशे पोरं एकदम गप्प झाली. काकांना वाटलं होतं आपल्याला काही ओळखूच येणार नाही, इतकं शेवाळ आणि इतकं आकाश. पण ओळखू आलं. खांदा जिथे आधीच जरा झुकतो, पाय ओढायच्या आधी, म्हणजे दुखण्याच्या आधीच दुखल्यासारखा, तिथे. ती खोड त्यांना स्वतःला माहीत नव्हती. चार मजली करून दाखवल्यावर कळली.

मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याला म्हणाली, “किती बिचारा वाटतो ना.”

“नाटकी आहे,” नवरा म्हणाला. “इतकं कोणी लंगडतं का.”

“तुझे मामा नव्हते लंगडत?”

“मामा पिऊन लंगडायचे.”

काकांना ते दोघेही खरे वाटले. सिनेमा पुढे सरकत होता आणि ते त्या राखाडी हॉलमध्ये जाऊन पोचले होते, दीड वर्षापूर्वीच्या. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, त्यावर गुडघ्याला, खांद्याला, घोट्याला पांढऱ्या गोळ्या चिकटवलेल्या, भोवती कडं करून कॅमेरे. काम बघणारी मुलगी तिशीची होती, केस पेन्सिलीने बांधलेले. दिवसभर ते तिच्यासमोर लंगडले आणि तिने ते सगळं टिपलं. संध्याकाळी ती म्हणाली, काका, आता एकदाच पळा. मागे आग लागलीय असं समजा. ओरडत पळा. मुलगा बाहेर तारा जोडत होता. घरचं कोणी नव्हतं. ओळखीचं एक माणूस त्या हॉलमध्ये नव्हतं, आणि लंगडायचं ते तर ओळखीच्यांसाठी. तिने टाळी वाजवली. पुढचं त्यांना आठवत होतं ते इतकंच की समोरची भिंत फार लवकर आली. भिंतीला हात टेकून उभे राहिल्यावर कळलं की आपण दोन्ही पायांनी पळालो, पंचवीस वर्षांच्या पोरासारखे, आणि तोंड वासलेलं आहे आणि त्यातून काही बाहेर पडलेलं नाही. ते वळून म्हणाले, ते पळणं चुकलं, परत घ्या. मुलगी पडद्यावर बघत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “काका, चुकलं तेच तर हवं असतं.”

चार वाजून सहा मिनिटं झाली, मग सात. आगीचे पक्षी डोंगरामागून आले. राक्षसाने पाठीवरचं गाव काढलं आणि खाली ठेवलं, अगदी सांभाळून, झोपलेल्या माणसाला ठेवावं तसं. आणि पळाला. घंटा नव्हती, संगीत नव्हतं. सगळा आवाज काढून घेतला होता. शेवाळाने भरलेले ते दोन पाय एकसारखे, समान, सुंदर पडत होते, आणि तोंड पूर्ण उघडं होतं, आत काळोख होता, आणि त्यातून काहीच येत नव्हतं. थिएटरात कोणीतरी शिटी मारली. “आवाज,” कोणी ओरडलं, “ए, आवाज गेला.” एक पोर रडायला लागलं. काकांनी मान वळवली नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून, नातीच्या डोक्यावरून, त्यांना वहिनींचा चेहरा दिसत होता. पडद्याच्या उजेडाने तो एकदा लाल आणि एकदा निळा होत होता. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते, तळवे वर, काही मागत असल्यासारखे. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. काकांना कळलं त्या काय करतायत. त्या राक्षसाची पावलं मोजत होत्या.

मग राक्षस थांबला, वळला, परत आला आणि गाव उचललं, सगळे वाचले, घंटा वाजली, टण, तो पुन्हा लंगडू लागला आणि दिवे लागले. शेवट खोटा होता. दवाखान्यातल्या मुकादमाच्या गोष्टीसारखा नीटनेटका, सगळ्यांना परवडणारा.

रिक्षात दाटीवाटीने बसल्यावर मतं सुरू झाली. सून म्हणाली, तो परत आला तिथे मला रडू आलं, पण येण्याआधी त्याला काय वाटलं ते दाखवायला हवं होतं, माणूस असा एकदम चांगला होत नाही. मुलगा म्हणाला, आवाज गेला नव्हता, मुद्दाम काढलाय, साउंडवाल्याशी त्यावरून तीन महिने भांडण चाललं होतं. रिक्षावाला मान मागे न वळवता म्हणाला, “माझ्या पोराला दाखवलाय मी. मला तर वाटतं तो पळाला तेच बरोबर. राक्षस झाला म्हणून काय, जिवाला भ्यायचं नाही?”

“मग परत का आला?” नातीने विचारलं.

“ते सिनेमावाल्यांना लागतं बाळा. तिकिटं काढलेली असतात लोकांनी.”

“आजोबा, तुम्ही पळताना लंगडलाच नाहीत,” नात म्हणाली. “तुम्हाला पळता येत नाही म्हणून त्यांनी कम्प्युटरवर केलं ना ते?”

“हो,” मुलगा परस्पर म्हणाला. “पळणं कम्प्युटरचंच असणार. काकांना कुठे पळता येतंय.”

म्हणजे वाचलो. हा विचार त्यांना इतक्या सहज आणि इतक्या आनंदाने आला की त्यांना स्वतःचीच किळस वाटली. खिडकीच्या चौकटीवर पाय ठेवतानाही असंच वाटलं होतं का? आठवेना.

“मोठी आजी, तू किती तारे देणार?”

“माझं मत मी सांगेन,” वहिनी म्हणाल्या, “जरा वेळाने.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, “तुम्ही सगळे व्हा पुढे. भाऊजी, तुम्हीही.” काका जिना चढू लागले. मुलगा, सून, नात केव्हाच वर गेली होती. वहिनी खालच्या पायरीपाशी थांबून राहिल्या होत्या, वर चढत नव्हत्या, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत काकांना आपल्या प्रत्येक पावलाचा आवाज ऐकू येत राहिला. मऊ, आणि मग जोरात. मऊ, आणि मग जोरात.

सातला ते आपल्या खोलीत खाटेवर बसले होते. बाहेरच्या खोलीत नात पुन्हा आईचा फोन घेऊन बसली होती. वहिनी पिशवी घेऊन आल्या, लोकरीच्या कव्हरातली. स्टूल पुढे ओढून बसल्या. रोजच्यासारखं म्हणाल्या, “द्या पाय.”

काकांनी पाय पुढे केला. तो डावा होता. त्यांनी ठरवलं नव्हतं. त्या राखाडी हॉलमध्ये दोन्ही पाय पळाले तेव्हाही त्यांनी ठरवलं नव्हतं. आयुष्यातल्या त्यांच्या सगळ्या खऱ्या गोष्टी पायांनीच केल्या होत्या, त्यांना न विचारता.

वहिनी त्या पायाकडे बघत राहिल्या. मग पिशवी त्यावर ठेवली.

“दोन्ही सारखेच आहेत तसे,” म्हणाल्या.

काकांनी विचारलं, “कधीपासून?”

“तुमची बायको चक्कर येऊन पडली होती ना न्हाणीघरात, पोरगा चार वर्षांचा होता तेव्हा. डॉक्टरांना आणायला तुम्ही खाली धावलात. मी वर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला पावलं ऐकायची सवय. तुमच्या पावलांवर घड्याळ लावायचे मी. त्या दिवशी तिन्ही मजले सारखे वाजले.” त्यांनी कव्हराची गाठ नीट केली. “परत आलात ते लंगडत आलात.”

“तीस वर्षं झाली.”

“झाली असतील.”

“मग रोज कशाला शेकत बसलात?”

“लंगडत होतात ना,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटायचं, आग सगळे विसरले. मुकादम मेला, कारखान्याच्या जागी दुकानं झाली. एक माणूस आहे जो रोज तुमच्या दादांसाठी पाय ओढतो. खोटा का होईना.” त्यांनी पिशवी जरा वर सरकवली. “तुम्ही परत आत गेला नव्हतात, तेही मला त्याच दिवशी कळलं. जो एक खोटं इतकं सांभाळतो त्याच्याखाली दुसरं असतंच. मी तुम्हाला त्याबद्दल काही म्हणत नाही. उडी मारलीत, बरं केलंत. तो रिक्षावाला म्हणाला तसं. जिवाला कोण भीत नाही.”

काका रडायला लागले होते. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

“हे असंच,” वहिनी म्हणाल्या. “असंच तोंड होतं त्याचं. मला सिनेमातलं तेवढंच कळलं. पोरगा म्हणतो आवाज मुद्दाम काढलाय. मी विचार करत आले सगळ्या वाटेने. ते झोपलेले असायचे जेवून, मला ठाऊक आहे, रुमाल मीच द्यायचे धुऊन. मी धरून चालले होते की धुरात तुम्हाला ते दिसलेच नसतील. पण त्या राक्षसाने गाव बघून खाली ठेवलं. आणि मग तोंड उघडलं.” त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “हाक का नाही मारलीत भाऊजी?”

“आवाज फुटला नाही.”

“एकदाही?”

इथे थांबता आलं असतं. आवाज फुटला नाही, हे खरं होतं, आणि चार मजली पडद्यावर त्याचा पुरावा होता. शे-दीडशे माणसांनी साक्ष दिली असती. पण काकांच्या नाकात तो कागद जळल्याचा वास आला, आणि खालची फरशी, आणि भोवती धावत येणारे पाय, आणि आपला स्वतःचा आवाज, मोठा, खणखणीत, वरच्या माळ्यापर्यंत सहज पोचला असता असा.

“खाली पडल्यावर फुटला,” ते म्हणाले.

“काय म्हणालात?”

“पाय.”

वहिनींना ऐकू आलं नसावं. त्यांनी कान पुढे केला.

“माझा पाय, माझा पाय म्हणून ओरडलो. लोक विचारत होते वर कोणी आहे का. बराच वेळ विचारत होते. मी पायच म्हणत राहिलो.”

बाहेर नातीने फोनवर काहीतरी लावलं, घंटा वाजली, टण, आणि सुनेने आवाज कमी कर म्हणून सांगितलं. वहिनी बसून होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून काका वाट बघत होते, राग आला असता तर काहीतरी धरायला मिळालं असतं. पण तो चेहरा हिशेब चुकला म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून बघणाऱ्या माणसासारखा झाला होता. वर कोणी आहे का, असं विचारत होते लोक. म्हणजे वेळ होता. दादा गठ्ठ्यांवर, रुमाल वर खाली, आणि खाली वेळ होता.

मग वहिनींनी पायावरची पिशवी उचलली. उठल्या, स्टूल जागेवर सरकवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. काकांना बूच फिरवल्याचा आवाज आला. मग बेसिनमध्ये पाणी पडायला लागलं, डबडब, घोट घेत घेत, ते बराच वेळ पडत राहिलं. इतकं पाणी त्या पिशवीत मावतं हे त्यांना माहीत नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्यावरून काहीतरी काढून ठेवल्याचा आवाज आला, झारा असेल, आणि मग रबर भिंतीला घासलं.

नातीची पावलं स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली.

“मोठी आजी, पिशवी उलटी का टांगलीस? आजोबांचा पाय बरा झाला?”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “बरा झाला.”

थेंब फरशीवर पडायला लागले होते. काकांनी खाटेवरून पाय खाली सोडले, आधी एक, मग दुसरा, आणि ते दोन्हींकडे बघत बसले.